बायपोलर रुग्णाच्या भावंडांनी मेंदूचा स्कॅन काढावा का?

समुपदेशक_सोलापूर
बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा आजार) असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची सोलापुरात बैठक घ्यायची आहे. भावंडांचा ठरलेला प्रश्न: आम्हालाही होणार का, आणि ते एमआरआयमध्ये आधीच दिसेल का? काय सांगावे? शिवाय या आजारात दुसऱ्याच्या मनातले ओळखणे अडखळते, त्याची चाचणी मराठीत कशी घ्यावी?

मेंदूचित्र
ताई, यासाठी स्कॅन काढू नका, असे स्पष्ट सांगा. अभ्यासांत वापरतात तो फंक्शनल एमआरआय. त्यात पेशींचे काम थेट दिसत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दिसतो, तोही 4-6 सेकंद उशिराने. घाबरलेला चेहरा पाहतानाच्या सिग्नलमधून साधा आकार पाहतानाचा वजा करतात, मग गटाची सरासरी काढतात. इतर निरोगी लोकांशी तुलना केली तर भावंडांच्या गटात अमिग्डाला (मेंदूतला भीती-भावनांचा भाग) आणि कपाळामागच्या भागात फरक सापडतो, पण दर वेळी एकाच दिशेने नाही. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एकट्या माणसाबद्दल त्यावरून बोलताच येत नाही. शिवाय स्कॅनमध्ये दिलेल्या कामाची उत्तरे बरोबर असून सिग्नल वाढलेला असेल, तर तो बिघाड की मेंदूने घेतलेले जादा कष्ट, हे चित्र सांगत नाही.

चाचणीवाला
भाषांतर नको, प्रसंगच इथला घ्या. थोरल्या जावेने शेंगाचटणीचा डबा फडताळात ठेवला. ती अंगणात गेल्यावर धाकटीने तो ओट्याखाली सरकवला. थोरली कुठे शोधेल? ही पहिली पायरी. आता थोरलीने ते खिडकीतून पाहिले, धाकटीला पत्ता नाही. थोरली कुठे शोधेल, असे धाकटीला वाटेल? ही दुसरी. मनःस्थिती स्थिर असतानाही रुग्ण अडखळतात ते बहुधा इथे. भावंडांतला फरक याहून बारीक.

‘डबा खरा कुठे आहे?’ हे जरूर विचारा. ते चुकले तर गुणच देऊ नका, गोष्ट लक्षात राहिलेली नाही. गुंगीत असलेल्याची किंवा नैराश्य न उतरलेल्याची चाचणी पुढे ढकला. चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यासाठी निम्हान्सचा (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) ‘ट्रेंड्स’ संच घ्या, त्यात भारतीय चेहरे आहेत.

ओपीडीतून
आकडा असा सांगा: सर्वसाधारण लोकांत शंभरात साधारण 1, सख्ख्या भावंडांत 5 ते 10. म्हणजे निदान 90 जणांना होत नाही.

लक्ष झोपेवर हवे. गड्ड्याच्या जत्रेत जागून दुसऱ्या दिवशी पेंग येणे वेगळे. तीनच तास झोपूनही तरतरी, बोलणे थांबत नाही, पैसे उधळणे चालू, असे सलग 4 दिवस झाले की मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. भावंडाला नैराश्य आले तर घरातला बायपोलर डॉक्टरांना आधी सांगायचा. नुसत्या अँटिडिप्रेसंटने (नैराश्यावरच्या औषधाने) उन्माद उसळू शकतो. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. मराठीत बोलता येते.