फी शून्य, 1 टक्का की वर्षाचे ठरावीक पैसे? सल्लागार नेमका कशावर कमावतो?

वसुधा_मिरज

नमस्कार मंडळी. मी निवृत्त गणित शिक्षिका, यजमान वीज मंडळातून निवृत्त. दोघांचीही साठी उलटली आहे. माझी पेन्शन बरी आहे, त्यांची नावापुरती. फंड, ग्रॅच्युइटी आणि माहेरच्या जमिनीचा वाटा मिळून 90 लाख रुपये बचत खात्यात पडून आहेत. ते तिथे आहेत हे बँकेला माझ्याआधी कळलं असावं, कारण फोन सुरू झाले.

आत्तापर्यंत तीन प्रस्ताव आले आहेत:

बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर म्हणतो, सगळे पैसे आमच्या सहा म्युच्युअल फंडांत टाका, आमची फी शून्य.

पुण्याचे एक सेबी-नोंदणीकृत सल्लागार दोन पर्याय देतात. एकूण रकमेच्या वर्षाला 1 टक्का, किंवा वर्षाला ठरावीक 40,000 रुपये. दोन्हींवर जीएसटी वेगळा.

तिसरे पीएमएसवाले, म्हणजे आपल्या पैशांतून आपल्याच नावावर शेअर घेऊन ते सांभाळणारे. किमान 50 लाख. वर्षाला 1.5 टक्के, शिवाय नफा 10 टक्क्यांच्या वर गेला तर त्यात 15 टक्के वाटा.

शेकडेवारी मी आयुष्यभर शिकवली. पण हे तिघं कशाचे टक्के कशावर लावतायत याचा मेळ बसत नाही. शून्य फीवाला सगळ्यात स्वस्त, असं सरळ म्हणायचं का?

---

इचलकरंजीचा_वितरक

वसुधाताई, आधीच सांगतो, मी म्युच्युअल फंडांचा वितरक आहे. वितरकाचा एआरएन नोंदणी नंबर आहे, कमिशनवर घर चालतं. तेव्हा पुढचं वाचताना ते लक्षात ठेवा.

'फी शून्य' ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी थाप. ग्राहक चेक फाडत नाही एवढाच त्याचा अर्थ. फंडाच्या प्रत्येक योजनेला 1 जानेवारी 2013 पासून दोन दरवाजे आहेत, रेग्युलर (वितरकामार्फत) आणि डायरेक्ट (थेट). फंड तोच, मॅनेजर तोच, शेअर तेच. रेग्युलरमधून आलात तर वितरकाचं कमिशन रोज थोडं थोडं एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातून जातं. त्याला आम्ही ट्रेल म्हणतो. इक्विटी म्हणजे शेअरच्या फंडात साधारण 0.7 ते 1 टक्का दर साल, पैसे आत असेपर्यंत. डेट म्हणजे कर्जरोख्यांच्या फंडात बरंच कमी, लिक्विड म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांच्या फंडात नाममात्र. आता ते सहा फंड कोणत्या जातीचे आहेत बघा. त्यात लिक्विड एकही नसेल, पैज लावतो.

90 लाखांवर 0.8 टक्के धरा. वर्षाला 72,000 रुपये. दर वर्षी, आणि रक्कम वाढेल तसे वाढत. हे तुमच्या शून्य फीचं उत्तर.

खात्री करायची असेल तर जुन्या गुंतवणुकीचं कॅस, म्हणजे एकत्रित खाते-पत्रक काढा. मार्च आणि सप्टेंबरअखेरचं जे सहामाही येतं, त्यात प्रत्येक योजनेपुढे वितरकाला किती कमिशन दिलं ते रुपयांत छापलेलं असतं. सेबीने 2016 पासून ते सक्तीचं केलंय. आमच्यातले बरेच जण ग्राहकाला पहिलं पान दाखवतात आणि पीडीएफ मिटतात.

आता पुण्याचे सल्लागार. नोंदणीकृत सल्लागाराने फी दोनच प्रकारे घ्यायची. सल्ल्याखालच्या रकमेची टक्केवारी, कमाल 2.5 टक्के, नाहीतर ठरावीक रक्कम, कुटुंबामागे वर्षाला कमाल 1,51,000 रुपये. ही मर्यादा आधी सव्वा लाख होती, 2025 मध्ये वाढली. ज्या ग्राहकाकडून फी घेतली त्याच्यावर कमिशन खायचं नाही, म्हणून ते तुम्हाला डायरेक्टमध्ये घालतात. तुमच्या खात्याला ते हातही लावू शकत नाहीत. सल्ला देतात, बटण तुम्हीच दाबायचं.

त्यांचा 1 टक्का म्हणजे 90,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 1,06,200. ठरावीक फी म्हणजे 47,200. काम तेच! 9 लाखांच्या ग्राहकाचा आराखडा करायला आणि 90 लाखांच्या ग्राहकाचा करायला मला तरी दसपट वेळ लागत नाही. फार तर दोन चहा जास्त होतात.

पण खरा मुद्दा पुढे आहे, आणि तो तिघांपैकी एकानेही तुम्हाला सांगितला नसणार.

तुम्ही दोघं साठीच्या वर. पोस्टाच्या किंवा बँकेच्या वरिष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी 30 लाख बसतात. दोघांचे 60. व्याज 8.2 टक्के, म्हणजे दर तिमाहीला 1,23,000 रुपये खात्यात. व्याजावर कर आहे, मान्य. पण यजमानांची पेन्शन नावापुरती असताना घरखर्चाची सोय म्हणून याच्याइतकं सरळ दुसरं काही मला दिसत नाही. आणि यावर मला एक पैसा कमिशन नाही. बँकेतल्या पोराच्या टार्गेटमध्ये हे धरत नाहीत. पीएमएसवाल्याच्या हातून तर तो ग्राहकच गेला. टक्केवारीवाल्या सल्लागाराची फी 60 लाखांवरची बुडाली. ठरावीक फीवाल्याला मात्र हे सांगताना काही जात नाही.

म्हणून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "मी 60 लाख पोस्टात टाकले तर तुमचे किती कमी होतात?" टक्केवारीवाल्याला शिवाय हेही विचारा, की पोस्टातले आणि मुदत ठेवीतले पैसे तुमच्या हिशेबात धरणार की नाही, आणि ते करारात लिहून घ्या.

गंमत अशी की 60 लाख बाजूला काढल्यावर उरतात 30 लाख. त्यावर 0.8 टक्के म्हणजे 24,000. म्हणजे आता कमिशनवाला स्वस्त आणि 47,200 वाला महाग झाला. मी असतो तर पहिलं वर्ष ठरावीक फी देऊन पूर्ण आराखडा करून घेतला असता: विमा, मृत्युपत्र, वारस नोंद, सगळं. दुसऱ्या वर्षी 'फक्त आढाव्याचे किती घेता?' म्हणून घासाघीस केली असती. ते होतात तयार.

एक गोष्ट आमच्या बाजूनेही सांगतो, नाहीतर भाऊबंद मला वाळीत टाकतील. महिना 3,000 ची एसआयपी करणाऱ्या यंत्रमाग कामगाराला कोण सल्लागार 40,000 फी लावून उभा करणार? तिथे मीच जातो, केवायसीला अंगठा घेतो, मार्केट पडल्यावर रात्री अकरा वाजता फोन घेतो. वर्षाला माझ्या हातात पडतात दोन-अडीचशे रुपये. कमिशन वाईट नाही. लपवलेलं कमिशन वाईट.

---

बाणेरकर_तात्या

वितरक भाऊंनी पीएमएस सोडून दिलं, ते मी उचलतो. मी घेतलंय.

ताई, 'नफा 10 टक्क्यांच्या वर गेला तर 15 टक्के' या वाक्यात कॅच-अप आहे की नाही एवढं बघा. समजा 50 लाखांवर वर्षात 18 टक्के झाले, म्हणजे 9 लाख. कॅच-अप नसेल तर 10 टक्क्यांचे 5 लाख सोडून उरलेल्या 4 लाखांवर 15 टक्के, 60,000. कॅच-अप असेल तर 10 टक्के ओलांडल्यावर ते मागे वळून सगळ्या 9 लाखांवर वाटा घेतात, 1,35,000. तोंडी सांगताना दोन्ही ऑफर अगदी सारख्या ऐकू येतात. वर 1.5 टक्क्यांचे 75,000 आहेतच, ते तोटा झाला तरी जातात. सगळ्यावर जीएसटी. शिवाय ब्रोकरेज वेगळं, आणि कस्टडी (शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचे पैसे), ऑडिट वगैरे खर्च 0.5 टक्क्यापर्यंत.

नियम बाकी चांगले आहेत. पीएमएसला आगाऊ फी बंद आहे. नफ्यातला वाटा हाय वॉटर मार्कवर चालतो: 50 चे 62 झाले, त्यावर वाटा दिला, मग 54 वर आले आणि परत 61 झाले, तर त्या चढावर काही देणं लागत नाही, 62 ओलांडेपर्यंत. लवकर निघालात तर पहिल्या वर्षी कमाल 3 टक्के, दुसऱ्या 2, तिसऱ्या 1 कापतात. करारासोबत फीच्या उदाहरणांचा तक्ता असतो, 20 टक्के नफा, 20 टक्के तोटा आणि जैसे थे. त्यावर आता वेगळी सही आणि 'मला फी समजली' असं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं लागतं. लिहिण्याआधी त्यांच्यासमोर तो तक्ता कॅल्क्युलेटरवर करून बघा. गणिताच्या बाई समोर बसल्या की घाम फुटेल त्यांना.

तुमच्या वयाला आणि रकमेला मी पीएमएस सुचवणार नाही. 90 मधले 50 एकाच माणसाच्या वीस-पंचवीस शेअरांत, हे जास्तच होतं.

---

जर्सीचा_विनू

न्यू जर्सीहून थोडं अवांतर. इथे 1 टक्का हा जवळपास रिवाजच आहे, रक्कम मोठी असेल तर टप्प्याटप्प्याने उतरतो. बहुतेक ठिकाणी तिमाहीला कस्टोडियनकडच्या खात्यातून परस्पर कापून घेतात. विजेचं बिल 10 डॉलरने वाढलं तर फोन करणारी माणसं 8,000 डॉलरची फी वर्षानुवर्षं बघतही नाहीत. तुमच्याकडे सल्लागाराला दर वेळी आपल्या हाताने पैसे पाठवावे लागतात, हे मला तरी चांगलं वाटतं. हात जरा थबकतो.

इथे प्रत्येक सल्लागाराला फॉर्म एडीव्ही भरावा लागतो, त्याच्या दुसऱ्या भागात फी आणि हितसंबंध साध्या भाषेत लिहिलेले असतात. कुणाचाही फुकट वाचता येतो. आईसाठी इथे सल्लागार शोधताना मी आधी तोच वाचला होता आणि दोघांना तिथेच गाळलं.

---

वसुधा_मिरज

सगळ्यांचे आभार. वितरक भाऊ, पैज जिंकलात. सहापैकी लिक्विड एकही नाही. चार इक्विटी, दोन हायब्रीड (शेअर आणि रोखे मिसळलेले).

कॅस काढलं. यजमानांचे याच बँकेमार्फत घेतलेले एका फंडात 8 लाख आहेत, त्याच्यापुढे सहा महिन्यांचं कमिशन 3,400 च्या आसपास छापलंय. मॅनेजरला दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, ते फंड कंपनी देते, तुम्ही थोडीच देता?" मी विचारलं, कंपनी कुठून आणते? तर म्हणाला, "सिस्टीममधून." आठवीतल्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभा केला असता.

पोस्टाचा प्रश्न तिघांनाही विचारला. पीएमएसवाले 'विचार करून कळवा' म्हणाले. पुण्याच्या सल्लागारांनी टक्केवारीचा पर्याय स्वतःच मागे घेतला आणि ठरावीक फीच घ्या म्हणाले, हे मला आवडलं. मात्र ते वर्षाची फी आगाऊ मागतायत. द्यावी का? आणि ते 8 लाख आता डायरेक्टमध्ये वळवायचे का?

---

इचलकरंजीचा_वितरक

सिस्टीममधून! हे मी आमच्या संघटनेच्या बैठकीत सांगणार.

आगाऊ फी: तुमची संमती असेल तर एक वर्षापर्यंतची घेता येते, पण सक्ती नाही. सहा महिन्यांची देते म्हणा. मध्येच सोडलंत तर उरलेल्या काळाची फी परत मिळते, त्यातून ते जास्तीत जास्त एका तिमाहीची फी ठेवून घेऊ शकतात. करारात हे कलम शोधा. रोख द्यायचे नाहीत, चेक किंवा ऑनलाइनच, आणि ज्या नावाने नोंदणी आहे त्याच नावाच्या खात्यावर. नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या साइटवर तो टाकून नाव जुळतंय का बघा. आयएनएच असेल तर तो रिसर्च अॅनालिस्ट, त्याचं काम वेगळं.

आणखी एक. बँकेमार्फतचे ते 8 लाख जोवर रेग्युलरमध्ये आहेत, तोवर टक्केवारीची फी त्यांच्यावर लावता येत नाही. ठरावीक फी घेतलीत तर हा प्रश्न उरत नाही, पण माहीत असू द्या.

वळवण्याबाबत: रेग्युलरचं डायरेक्ट करणं म्हणजे कायद्याने विक्री आणि नवी खरेदी. त्या 8 लाखांत नफा किती आहे ते आधी कॅसमध्ये बघा.

---

वसुधा_मिरज

नफा 2.30 लाख आहे. इक्विटी फंड आहे, सगळे युनिट दोन वर्षांपेक्षा जुने.

---

इचलकरंजीचा_वितरक

मग एकदम वळवू नका. दीर्घ मुदतीच्या नफ्यातले 1.25 लाख दर आर्थिक वर्षी माफ आहेत, वरच्यावर 12.5 टक्के. एकदम विकलंत तर 1.05 लाखांवर कर लागेल, सेससकट 13,650 रुपये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचं कमिशन. त्याऐवजी 31 मार्चच्या आधी एवढेच युनिट विका की नफा 1.15 लाख होईल, आणि उरलेले एप्रिलमध्ये. यजमानांचा दुसरा कुठला शेअर-फंडाचा नफा नसेल तर कर शून्य. जुने युनिट आधी विकले जातात आणि त्यांच्यात नफा जास्त असतो, तेव्हा अर्धे युनिट म्हणजे अर्धा नफा असं धरू नका. मार्चच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांवरही ठेवू नका, सुट्टी आली तर एनएव्ही एप्रिलची लागायची.