दातावरची कॅप : बसवण्यापूर्वीचे आणि नंतरचे अनुभव

निशिगंध

काल माझ्या मुलीच्या दाढेचे रूट कॅनाल पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी त्यावर कॅप बसवून घ्यायला सांगितले. घरी येताच तिने विचारले, "दुखणे तर थांबले, मग उरलेला चांगला दात घासून लहान कशाला करायचा?" अनेक वर्षांपूर्वी मीही डॉक्टरांना नेमके हेच विचारले होते, ते आठवले आणि हा धागा काढावासा वाटला.

त्या वेळी डॉक्टरांनी उत्तर देण्याऐवजी माझ्या हातात आरसा दिला. दाढेच्या मधोमध भरलेला मोठा खड्डा होता, त्याच्या भोवती पातळ भिंती उरल्या होत्या आणि गालाकडच्या भिंतीवर एक बारीक उभी रेघ दिसत होती. कीड काढताना आणि मुळांपर्यंत वाट करताना दाताचा बराच भाग गेलेला असतो, दात कमकुवत होतो तो मुख्यतः त्यामुळे. आणि घास चावताना येणारा दाब या उरलेल्या भिंतींना बाहेरच्या बाजूला फाकवतो, असे त्यांनी समजावले. तडा वरच्या भागातच राहिला तर दात वाचवता येतो, पण तो मुळात उतरला तर बहुधा दात काढण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून दाढेचे उंचवटे वरून झाकून घ्यायचे आणि त्यासाठी कॅपच्या जाडीएवढी जागा करायची. ही जागा साहित्यानुसार बदलते. सिरॅमिकसाठी वरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर घासावे लागते, धातूसाठी त्याहून कमी पुरते.

घासण्यापेक्षा मला अवघड गेले ते माप देणे. मापाच्या लगद्यात घासलेल्या दाताची कड नीट उमटावी म्हणून हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक दोरा दाबून बसवला होता, त्याचा ताण बधिर केलेल्या जागीही जाणवत होता. पण त्या कडेवरच पुढचे सगळे अवलंबून असते, हे नंतर पटले. ती कॅप आजही उत्तम आहे. तुम्हा सर्वांचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः कोणते साहित्य निवडले आणि का.

रानवाट

आईच्या शेवटच्या दाढेला पूर्ण धातूची कॅप आहे. तिथे जागा फार कमी होती आणि दाढ मुळातच ठेंगणी होती, म्हणून डॉक्टरांनी धातूच सुचवला. त्यासाठी दात कमी घासावा लागला, आणि सिरॅमिकचा टवका उडण्याची जी भीती असते ती इथे नाही. हसताना ती दाढ दिसतही नाही. रंगासाठी हट्ट धरला नाही, हे फार बरे झाले.

शाल्मली

माझा अनुभव पुढच्या दाताचा आहे, त्यामुळे मला मात्र रंगाचा हट्ट धरावाच लागला. पहिली कॅप आत धातू आणि वर सिरॅमिक अशी होती. काही वर्षांनी हिरडी थोडी वर सरकली आणि कडेशी करडी-काळी रेघ दिसू लागली. दात किडला की काय, या शंकेने मी फार घाबरले होते. प्रत्यक्षात ती कॅपच्या आतल्या धातूची कड होती.

दुसऱ्या वेळी धातूविरहित सिरॅमिकची कॅप केली. त्या डॉक्टरांची एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. रंग ठरवण्याचे काम त्यांनी अगदी सुरुवातीला, दात घासण्यापूर्वी केले. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडे पडतात आणि कोरडा दात असतो त्याहून पांढरा दिसतो; तेव्हा निवडलेली छटा नंतर शेजारच्या दातांशी जुळत नाही. रंगपट्टीवर ए, बी, सी, डी असे गट असतात. ए गटात तांबूस-तपकिरी झाक असते, बी मध्ये तांबूस-पिवळी, सी मध्ये करडी आणि डी मध्ये तांबूस-करडी. मला खिडकीजवळ उभे करून त्यांनी एकेक नमुना दाताशेजारी धरला. माझ्या दाताचा हिरडीकडचा भाग गडद आणि टोक किंचित पारदर्शक असल्याचे त्यांनी लॅबसाठी चित्र काढून लिहून दिले. सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती बसवून मला आरशात हवा तितका वेळ पाहू दिले. पुढचा दात असेल तर ही मुभा आवर्जून मागून घ्यावी, कारण पक्के सिमेंट लागल्यावर कॅप काढायची म्हणजे ती कापूनच काढावी लागते.

निशिगंध, लेकीला सांगा, बधिर केल्यावर घासताना दुखत नाही, फक्त आवाज आणि कंपने जाणवतात.

वाटसरू

ताई, लेकीला शुभेच्छा. रूट कॅनाल झाले आहे म्हणजे त्या दातात नस उरलेली नाही, त्यामुळे घासल्यानंतर शिवशिवण्याचाही त्रास नसतो. हिरडी दोन-तीन दिवस हुळहुळी राहील, तेवढेच.

सदाफुली

लहान मुलांच्या कॅपबद्दल कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहिते. माझ्या मुलाच्या दुधाच्या दाढेला स्टीलची कॅप बसवली आहे. "पडणाऱ्या दाताला कॅप कशाला?" असे घरातल्या थोरांनी विचारले होते. परंतु दुधाच्या मागच्या दाढा साधारण दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात, आणि त्या वेळेआधी काढल्या तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकून खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडवतात.

त्याला सुई लागली नाही आणि यंत्रही लागले नाही. कीड दाताच्या आतल्या नसेला पोहोचलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी हॉल पद्धत निवडली. ही पद्धत स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाने ओळखली जाते. तयार मापाची कॅप सिमेंट भरून थेट दाढेवर दाबून बसवतात. कीड आत बंदिस्त होते, तिला अन्न मिळेनासे होते आणि तिची वाढ थांबते. पहिले काही दिवस ती बाजू उंच वाटते, त्याला चावायला विचित्र वाटत होते, पण मुलांमध्ये हे काही आठवड्यांत आपोआप जुळून येते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि तसेच झाले. ती दाढ पडेल तेव्हा कॅपसकट पडेल.

पिंपळपान

माझ्या दाढेला कीड नव्हती आणि रूट कॅनालही झालेले नव्हते, तरी कॅप लागली. दाढेला तडा गेला होता. चावताना फारसे दुखत नसे, पण दात सोडवताना, म्हणजे दाब काढून घेताना, एकदम तीव्र कळ येई. एक्स-रेमध्ये काहीच दिसत नव्हते. शेवटी डॉक्टरांनी एकेका उंचवट्यावर छोटा प्लास्टिकचा तुकडा ठेवून चावायला लावले आणि नेमका दोषी उंचवटा सापडला. लाकडी चाक उलू नये म्हणून त्यावर लोखंडी धाव चढवतात, तसेच कॅपचे काम असते, असे ते म्हणाले. आधी तात्पुरती कॅप लावून कळ थांबते का ते पाहिले आणि मगच पक्की केली. नस जिवंत राहिली याचा मला खरोखर आनंद आहे.

अबोली_२

पिंपळपान, तुमचे वाचून बरे वाटले. माझ्या बाबतीत उलट घडले. जिवंत दातावर कॅप बसवली, दोन वर्षे काहीच त्रास नव्हता, आणि नंतर रात्री ठणका सुरू झाला. ज्या दाताला आधीच खोल कीड किंवा मोठे भरण असते त्याची नस पुढे दगावू शकते, ही शक्यता मला आधीच सांगितलेली होती, त्यामुळे धक्का बसला नाही. कॅप काढावी लागली नाही. तिलाच वरून छिद्र पाडून रूट कॅनाल केले आणि छिद्र भरून घेतले.

कवडसा

चावताना उंच लागणे हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅप बसवल्यावर निळा कागद चावायला देतात आणि जिथे गडद ठसा उमटतो तिथे घासून कमी करतात. पण जबडा बधिर असताना आपल्याला नेमके कळत नाही. बधिरपणा उतरल्यावर घरी मला प्रत्येक घासाला आधी तीच दाढ टेकते असे जाणवले आणि दुसऱ्या दिवसापासून ती ठणकू लागली. डॉक्टरांकडे परत गेले, त्यांनी अगदी थोडे घासले आणि चार दिवसांत ठणका गेला. "सवय होईल" म्हणून कृपया कोणी सहन करत बसू नका.

जुनाजाणता

साहित्यावर पुष्कळ चर्चा झाली आहे, म्हणून मला ज्याबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते तेच लिहितो. कॅप किती वर्षे टिकेल, हे ती झिर्कोनियाची (एक प्रकारचे कणखर सिरॅमिक) आहे की आणखी कशाची यापेक्षा खाली निरोगी दात किती शिल्लक आहे यावर अधिक ठरते. हिरडीच्या वर सर्व बाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा पक्का दात असावा लागतो, म्हणजे कॅपची कड त्याला कवेत घेऊ शकते. तेवढा दात नसेल तर दाताच्या मुळात पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, घालून वरचा भाग बांधतात. पण पोस्ट केवळ त्या बांधलेल्या भागाला धरून ठेवतो, मुळाला बळकटी देत नाही.

माझ्या एका दाढेच्या बाबतीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की एका बाजूला कीड हाडापर्यंत गेली आहे, कॅप बसवता येईल, पण ती टिकेल असे मी म्हणणार नाही. ती दाढ आम्ही काढून टाकली. त्याच डॉक्टरांनी दुसऱ्या दाढेसाठी पूर्ण कॅपऐवजी ऑनले सुचवला. त्यात फक्त उंचवटे झाकले जातात आणि बाजूचा चांगला दात वाचतो. पुढच्या दाताचे रूट कॅनाल झाले असेल आणि दाताचा फारसा भाग गेला नसेल, तर पुष्कळदा साध्या भरणावरही भागते. तेव्हा "कोणती कॅप?" या प्रश्नाआधी "माझा दात किती उरला आहे आणि तो किती झाकायला हवा?" हे विचारा, आणि एक्स-रे समोर ठेवून उत्तर मागा.

रानवाट

जुनाजाणता काका, फार मोलाचे लिहिलेत. आईला रात्री दात खाण्याची सवय आहे. तिच्यासाठी वेगळे काही करावे का?

जुनाजाणता

रात्री दातांवर घालायचे संरक्षक आवरण, म्हणजे नाइट गार्ड, मापाप्रमाणे करून घ्यावे. धातूच्या कॅपला सहसा काही होत नाही, पण समोरचे आणि शेजारचे दात झिजतात, आणि सिरॅमिक असलेल्या बाजूला टवके उडण्याचा संभव असतो.

कवडसा

एकाच बैठकीत कॅप करून मिळते, तिचा अनुभव कोणाला आहे का?

शाल्मली

माझ्या बहिणीला आहे. लगद्याने माप घेण्याऐवजी छोट्या कॅमेऱ्याने दात टिपला, संगणकावर आकार ठरवला आणि शेजारच्या खोलीतल्या यंत्राने सिरॅमिकच्या ठोकळ्यातून कॅप कोरून काढली. पक्की कॅप तयार होईपर्यंत लावतात ती तात्पुरती कॅप लागलीच नाही. हे तंत्र वाटते तितके नवे नाही; झ्युरिक विद्यापीठात १९८५ साली या पद्धतीने पहिले भरण बसवले गेले होते.

अबोली_२

निशिगंध, मुलीची तात्पुरती कॅप असेपर्यंत एक काळजी घ्यायला सांगा. फ्लॉसचा दोरा दातांमध्ये घातल्यावर तो वर ओढून न काढता बाजूने सरकवून काढावा, नाहीतर कॅप दोऱ्याबरोबर निघून येते. निघालीच तर ती जपून ठेवावी, घरातला कोणताही गोंद लावू नये आणि सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नये, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते. पुन्हा बसवायला उशीर झाला तर शेजारचे दात किंचित सरकतात आणि मग पक्की कॅप नीट बसत नाही.

निशिगंध

मनापासून आभार, अबोली. दोऱ्याचे मला खरेच माहीत नव्हते, लगेच तिला दाखवते. पक्की कॅप बसल्यावरही तिच्या कडेशी रोज दोरा किंवा दातांमधला छोटा ब्रश फिरवायला माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते, कारण कॅपला कीड लागत नसली तरी कडेखालच्या दाताला लागते, आणि नस नसल्यामुळे ती दुखूनही कळत नाही.