जुन्या स्टीरिओ माईकचं सॉकेट कापा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

कथील:
परवा कात्रीबहाद्दर यांनी लिहिलं, "जुन्या स्टीरिओ माईकचं पाच पिनांचं डिन सॉकेट म्हणजे नुसती कटकट. उपटा, दोन एक्सएलआर ठोका, अर्ध्या तासाचं काम." खाली वाहवाची रांग. रात्री झोप लागेना म्हणून हा धागा.

अहो, एक्सएलआर म्हणजे स्टुडिओतलं तीन पिनांचं जाडजूड कनेक्टर, ते त्या बुडात मावत नाही. म्हणजे भोक मोठं करणं आलं. कानस चालली की कीस आत जाणार, आणि आत बसलंय चुंबक. लोखंडाचा एक कण त्या फटीत चिकटला की तो रिबनला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीला, घासत राहतो, बाहेर काढताना रिबनच फाटते. ट्रान्सफॉर्मरच्या तारा केसाएवढ्या, त्यांचं वेष्टण वाकवलं की भुगा. बदल करायचा तो केबलमध्ये करा. एका टोकाला डिन, दुसऱ्या टोकाला केबल फाकवून दोन एक्सएलआर. चुकलं तर केबल चुकते, माईक शाबूत राहतो.

कात्रीबहाद्दर:
वस्तू वापरायला असते, देव्हाऱ्यात ठेवायला नाही. त्या डिनच्या पत्र्या सैल झालेल्या असतात. स्टँडवर लोंबणाऱ्या केबलला कुणाचा पाय लागला की उजवा चॅनल खर्रर्र. भर रेकॉर्डिंगमध्ये माझं झालंय. गाणाऱ्यांसमोर उकिडवा बसून प्लग पिळत होतो. तुम्ही रेकॉर्डिंग करता की नुसती पुसापुशी?

कथील:
पुसापुशीवर बोलू नका. प्लगचा डाग (सोल्डर) धड दिला असता तर खरखर झाली नसती. डिन प्लगच्या पिना प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या असतात, आयर्न टेकवलं की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि पिना माना टाकतात. एक रिकामं सॉकेट घ्या, प्लग त्यात खुपसा आणि मग डाग द्या. पिना जागच्या हलत नाहीत.

कात्रीबहाद्दर:
हे बरं सांगितलंत. आता सोल्डर कसं धरायचं तेही शिकवा.

डावाउजवा:
दोघांचं चालू द्या. माझ्या भावाने शहाणपणा करून स्टीरिओ माईकला साडेतीन मिलिमीटरचा स्टीरिओ प्लग लावला. टोकाला डावा, कड्याला उजवा, बुंध्याला जमीन (ग्राउंड). सगळं बरोबर. मग बाजारातला अडॅप्टर लावून तो एका एक्सएलआरमध्ये घुसवला. बहिणीचं गाणं रेकॉर्ड केलं. ऐकायला बसलो तर खोलीचा घुमारा आहे, खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, बहीण गायब! एक्सएलआरचं बॅलन्स्ड इनपुट २ नंबरच्या पिनेतून ३ नंबरची वजा करतं, ती उभी होती बरोबर मधोमध, डावा वजा उजवा म्हणजे शून्य. तिला वाटलं मुद्दाम केलं. अजून टोमणे चालू आहेत.

खरखर:
+१. पिनांच्या क्रमाचंही कुणीतरी सांगा. डिनवर ओळीने १-४-२-५-३ असतं. आमच्या एका मित्राने १-२-३-४-५ धरून जोडलं, सिग्नल थेट शील्डला, म्हणजे केबलच्या जमिनीला जोडलेल्या वेष्टणाला. एक्सएलआरमध्ये जमीन १ वर, डिनमध्ये २ वर. इतकं साधं आहे आणि दरवेळी चुकतं.

फँटमभीती:
कुणी फँटमबद्दल, म्हणजे मिक्सर माईकच्या केबलमधूनच वीज पाठवतो त्याबद्दल, बोलतच नाहीये. जुन्या रिबनला ४८ व्होल्ट लागले की रिबन गेली. संपलं. केबल-अडॅप्टरवाल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

कात्रीबहाद्दर:
ही अफवा किती वर्षं चालणार? एक्सएलआरच्या २ आणि ३ दोन्ही पिनांवर सारखेच ४८ असतात. मध्ये ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी. दोन्ही टोकं सारख्या दाबावर, करंट वाहणार कुठून? मी रिबन फँटमवर वापरलीये. जिवंत आहे.

फँटमभीती:
तुमची जिवंत आहे, माझी मेली. काय बोलायचं?

कात्रीबहाद्दर:
मेली तर केबल चुकीची होती.

फँटमभीती:
केबल बाजारातून आणलेली होती! चुकीची कशी? दरवेळी ज्याचं नुकसान झालं त्यालाच शहाणपण शिकवायचं.

तीनसात:
थांबा, भांडू नका, आकडे मांडतो. जुने घरगुती स्टीरिओ माईक बहुतेक अनबॅलन्स्ड, म्हणजे गुंडाळीचं एक टोक सिग्नल, दुसरं थेट जमिनीला. डिनवर १ वर डावा, ४ वर उजवा, २ वर दोघांची जमीन. अशा माईकची एक्सएलआर केबल करताना एक्सएलआरची ३ नंबरची पिन त्याच्याच १ ला जोडतात. मग फँटम चालू केला की २ वरचे ४८ व्होल्ट ६.८१ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येऊन गुंडाळीतून जमिनीत. ४८ भागिले ६.८१, म्हणजे ७ मिलिअँपिअर. स्थिर डीसी ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही, पण चालू-बंद करतानाचा झटका ओलांडतो. ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर १:३० धरा, रिबनमधून क्षणभर २०० मिलिअँपिअर. काही मायक्रॉनची पट्टी चुंबकाच्या तोंडात, दुसरं काय होणार? तेव्हा कात्रीबहाद्दर बॅलन्स्ड माईकबाबत खरे, फँटमभीती त्यांच्या माईकबाबत खरे. मारेकरी म्हणजे कथीलराव सुचवतात ती "निरुपद्रवी" केबल.

कात्रीबहाद्दर:
चुकलं तर केबल चुकते, माईक शाबूत राहतो म्हणे 😄

कथील:
हसून घ्या. फँटम बंद ठेवायचा हे मी गृहीत धरलं होतं.

फँटमभीती:
काही मिक्सरवर सगळ्या चॅनलना मिळून एकच बटण असतं, साहेब. शेजारच्या कंडेन्सर माईकला फँटम लागतो. गृहीत कसलं धरता?

तीनसात:
उपाय आहे, पण कथीलरावांना आवडणार नाही. माईक उघडावा लागतो. आत दोन्ही गुंडाळ्यांचं जे टोक जमिनीला डागलेलं असतं ते सोडवायचं. डिनच्या ३ आणि ५ पिना रिकाम्याच असतात. डाव्याचं टोक ३ वर, उजव्याचं ५ वर. झाला बॅलन्स्ड स्टीरिओ: १-३ डावा, ४-५ उजवा, २ शील्ड. सॉकेट तेच, भोक मोठं करणं नाही, कीस नाही. डिनचे १ व ४ आपापल्या एक्सएलआरच्या २ नंबरला, ३ व ५ आपापल्या ३ नंबरला. एका बाजूला उलट झालं तर मोनो करताना मधला आवाज पातळ होतो. (२ नंबर हॉट, म्हणजे सिग्नलची सरळ बाजू, हे १९९२ च्या एईएस१४ या मानकात पक्कं झालं, त्याआधीच्या काही यंत्रांत ३ हॉट सापडतो.) आणि बाजू उलटी झाली का ही तपासणी रिबनवर फुंकर मारून करू नका, ओहममीटरही लावू नका.

कथील:
मग तो माईक त्याच्या मूळ टेपरेकॉर्डरला थेट लागणार नाही, हे कुणी बोलत नाही. असो. दोन डाग सोडवणं म्हणजे कापाकापी नव्हे, एवढं मान्य. नाइलाजाने.

कात्रीबहाद्दर:
म्हणजे आत हात घालायचा हे मी म्हणत होतो तेच. आभारी आहे. आता कबूल करतो, कालच सॉकेट उपटलंय. कानस हातात घेतली नव्हती अजून. ४ नंबरची पिन कुठली धरायची, पुढून बघून की डागाच्या बाजूने?

खरखर:
पुढून बघितलं तर क्रम उलटा दिसतो. आकडा पिनेशेजारी कोरलेला असेल, भिंग घ्या. तारांचे रंग लिहिले होतेत ना?

कात्रीबहाद्दर:
फोटो काढलाय. जरा हललाय.

कथील:
टाका इथे. बघतो.