लाईट आली पण इंडक्शन तापत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आम्ही देवरुखजवळ गावात राहतो. काल संध्याकाळी वळीव आला, वारं एवढं की मागच्या आंब्याची फांदी गोठ्याच्या पत्र्यावर येऊन पडली, आणि पहिला थेंब पडायच्या आत लाईट गेली ती रात्रभर नाहीच. सकाळी सहाच्या सुमारास आली, म्हटलं चला चहा टाकू, तर इंडक्शन बीप करतं, आकडे दिसतात, तीन-चार सेकंद गेले की ई आणि पुढे एक आकडा येतो आणि गप्प. भांडं गारच्या गार. 2000 वॉटचं आहे, दोन वर्षं झाली, वॉरंटी संपलीय आणि माहितीपुस्तिका बहुतेक दिवाळीच्या रद्दीत गेली.

केलं ते सांगते. बंद-चालू केलं, अर्धा तास प्लग काढून ठेवला, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावून बघितलं, टेस्टर घातला तर पेटतोय. मग माळ्यावरून जुनी कॉइलची शेगडी काढली, तर तीही लाल होत नाही, पंधरा मिनिटांनी पाणी नुसतं कोमट. दोन्ही एकाच दिवशी कशी जातील? नवरा म्हणतो लाईट येताना झटका आला असणार आणि दोन्ही जळली. बाजारातल्या दुकानदाराला फोन केला तर न बघताच म्हणाला की बोर्ड गेलाय, नवीनच घ्या.

बाकी घरात सगळं चालू आहे, दिवे लागतायत, टीव्ही लागतोय, मोबाईल चार्ज होतोय, म्हणजे लाईटचा काही प्रॉब्लेम नसावा. सिलिंडर परवा संपलाय, नवीन गुरुवारी येणार, आणि चुलीची लाकडं कालच्या पावसात भिजली. काय करू?

प्रतिसाद: ताई, भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतं का बघा. अॅल्युमिनियम किंवा तांब्याचं असेल तर इंडक्शन घेत नाही.

धागाकर्ती: अहो काल दुपारी त्याच पातेल्यात फणसाची भाजी केली की. भांडं तेच आहे.

प्रतिसाद: झटक्याने आतला आयजीबीटी (कॉइलला करंट देणारा मुख्य स्विच) उडतो, त्याच्याबरोबर ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि फ्यूजपण जातो, दुरुस्तीला येणाऱ्या इंडक्शनमध्ये हे नेहमीचं. पण मग सहसा डिस्प्लेपण लागत नाही, मशीन पूर्ण मेलेलं असतं, किंवा प्लग लावल्या लावल्या एमसीबी पडतो. तुमचं बीप करतंय, आकडा दाखवतंय, म्हणजे डोकं शाबूत आहे, त्याला काहीतरी आवडत नाहीये. उघडू मात्र नका, आत वीज साठवणारा कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही दणका देऊ शकतो.

प्रतिसाद: त्या दुकानदाराकडे जाऊ नका एवढ्यात. मला तीन गोष्टी सांगा. पंखा नेहमीच्या स्पीडने फिरतोय का? फ्रिजमधून थोड्या थोड्या वेळाने कट कट असा आवाज येतोय का? आणि देव्हाऱ्यात जुना तारेचा झिरोचा बल्ब असेल तर तो कसा दिसतोय?

धागाकर्ती: अय्या! पंखा पाचवर ठेवूनसुद्धा एकवर ठेवल्यासारखा फिरतोय, मला वाटलं पावसाने गार झालंय म्हणून बरं वाटतंय ते. फ्रिज घुं करतो, मग कट होतो, मग शांत, पुन्हा पाच मिनिटांनी तेच. देव्हाऱ्यातला लाल बल्ब अगदी मिणमिणता आहे, सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या की बल्ब जायला आलाय.

प्रतिसाद: आधी उठा आणि फ्रिजचा प्लग काढा, मग पुढचं वाचा. विहिरीवर पंप असेल तर तोही चालू करू देऊ नका कोणाला.

काढला? तर तुमच्याकडे व्होल्टेज निम्म्यावर आलंय. दिवे आणि टीव्ही चालतायत त्यावर जाऊ नका, मोबाईलच्या चार्जरवर बारीक अक्षरात 100-240 छापलेलं असतं ते वाचा. टीव्ही आणि बरेच एलईडी दिवे पण त्यातलेच, त्यांना 115 मिळाले काय आणि 230 मिळाले काय, फरकच कळत नाही. टेस्टरचा तो चिमुकला दिवापण शंभरेक व्होल्टला आरामात पेटतो, फेज म्हणजे वीज येणारी तार जिवंत आहे एवढंच तो सांगतो, किती आहे ते नाही. इंडक्शनला कमी व्होल्टेजचं प्रोटेक्शन असतं म्हणून तो आकडा दाखवून थांबतो. कॉइलच्या बिचाऱ्या शेगडीला असलं काही नसतं, ती मिळेल त्यावर तापते, फक्त व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी नाही तर पाव होते. 2000 वॉटची शेगडी 500 वॉटची झाली, कोमट पाणी त्याचंच. आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर एवढ्यावर सुरूच होत नाही, नुसता करंट खेचत तापतो, मग ओव्हरलोड म्हणजे जादा करंटला तोडणारा स्विच त्याला बंद करतो, तो कट आवाज. दिवसभर असंच चाललं असतं तर फ्रिज खरंच गेला असता.

धागाकर्ती: काढला काढला. भाचा आयटीआयला आहे, त्याचा मल्टीमीटर आणवला, 118 दाखवतोय. पण समोरच्या घरात इंडक्शन मस्त चालू आहे, त्यांच्याकडे मोजलं तर 226! मग हे कसं? डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) तर एकच आहे.

प्रतिसाद: मी लाईनवर काम केलेलं आहे म्हणून सांगतो. डीपीवर वरून 11 केव्हीच्या म्हणजे 11 हजार व्होल्टच्या तीन तारा येतात आणि प्रत्येकीला वर एक डीओ म्हणजे फ्यूज असतो. वाऱ्याने फांदी लागली की त्यातला एखादा उडतो. खालचा, घरांकडे जाणाऱ्या तारेवरचा किटकॅट फ्यूज गेला असता तर त्या फेजवरची घरं सरळ अंधारात गेली असती आणि तुम्ही सकाळीच ओरडला असता. वरचा डीओ गेला की भलतंच होतं, खालच्या तीन फेजपैकी एक चांगला राहतो आणि दोघांवर निम्मं निम्मं येतं. समोरचे चांगल्या फेजवर, तुम्ही डिम फेजवर. गावात याला लाईट डिम आली म्हणतात आणि दिवे पिवळे दिसायचे म्हणून पूर्वी लगेच कळायचं, आता एलईडीमुळे कोणाला पत्ताच लागत नाही. 1912 ला फोन करा आणि लाईट नाही असं सांगू नका, एका फेजवर 118 आणि दुसऱ्यावर 226 आहे, वरचा डीओ उडाला असावा, असं सांगा. भाच्याला डीपीकडे फिरकू देऊ नका. आणि समोरच्या घरातून वायर ओढून घ्यायचा विचार कोणी मांडला तर तोही नको.

धागाकर्ती: तो विचार आमच्याकडे मांडून झालाय, कोणी मांडला ते सांगत नाही 😀

अपडेट: वायरमन चारला आले, वरचा डीओच गेला होता, पलीकडे काजूची फांदी तारेवर टेकलेली होती ती तोडली. आता 231. इंडक्शन लावल्या लावल्या तापलं, कॉइलची शेगडीपण लालभडक झाली. फ्रिज दहा मिनिटं थांबून लावला, सुरू झाला, आतलं दूध मात्र नासलं. एक राहिलंय, गडबडीत प्लग काढ-घाल करताना बघितलं तर इंडक्शनच्या प्लगची एक पिन काळी पडलीय आणि सॉकेटचं भोक वितळल्यासारखं झालंय. हे आजचंच का?

प्रतिसाद: आजचं नाही, आज वायरमन येईपर्यंत तर इंडक्शनने करंट घेतलाच नव्हता. ओट्यावर लहान 6 अँपिअरचं सॉकेट आहे आणि मोठा प्लग कन्व्हर्जन पिन लावून त्यात घुसवलाय, बरोबर ना?

धागाकर्ती: बरोबर 😐

प्रतिसाद: 2000 वॉट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, तेही तासतासभर. ते सॉकेट आता वापरूच नका. 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट घ्या, बोर्डापासून वेगळी वायर ओढून, नुसतं सॉकेट बदलून आतली वायर बारीकच राहिली तर ती भिंतीत तापेल. अर्थिंगपण बघून घ्या त्याच वेळी.

धागाकर्ती: फ्रिजच्या मागे एक मोठा पॉइंट आहे, तात्पुरतं इंडक्शन तिथे स्टुलावर ठेवलंय. इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणालाय. वायर किती स्क्वेअर एमएमची सांगू त्याला?

प्रतिसाद: तांब्याची, 4 ची. 2.5 पण चालते म्हणेल, तरी 4 चीच घाला, उद्या त्याच पॉइंटवर गिझर लावाल.