'मायक्रो फ्रंटएंड' नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न : आमच्या टीममध्ये हा शब्द तीन जण तीन अर्थांनी वापरतात. एकाच्या मते बटणं, फॉर्म वगैरे वेगळ्या पॅकेजमध्ये काढले की झालं मायक्रो फ्रंटएंड. दुसरा म्हणतो, एकाच पानावर रिअ‍ॅक्ट आणि अँग्युलर ही वेबपानं रचायची दोन्ही साधनं चालली तरच. मॅनेजरसाहेबांना तो काम लवकर उरकायचा उपाय वाटतो. बरोबर कोण?

उत्तर : तिघेही नाहीत. हा शब्द २०१६च्या अखेरीस थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या 'टेक्नॉलॉजी रडार' या अहवालातून प्रचारात आला. तेव्हा मायक्रोसर्व्हिसेसचा, म्हणजे सर्व्हरचं काम छोट्या स्वतंत्र सेवांमध्ये वाटण्याचा, बोलबाला होता. सर्व्हरकडची बाजू फोडून झाली, फ्रंटएंडला, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या बाजूला, मात्र एकच धूड उरलं, ही तक्रार त्यामागे होती. म्हणून कसोटी एकच : आपला भाग दुसऱ्या टीमला न विचारता लाइव्ह करता येतो का? पॅकेजमध्ये बदल केला तर ते वापरणाऱ्या अ‍ॅपला आवृत्ती वाढवून पुन्हा बिल्ड करावं (सगळा कोड जोडून चालवण्याजोगा करावा) लागतं, म्हणजे रिलीझची चावी त्यांच्याकडेच. पॅकेज काढणं चांगलंच, पण त्याला हे नाव कशाला?

'मायक्रो'वरून लोक आकार मोजायला लागतात, तेही चुकीचं. अख्खं चेकआउट हा एक तुकडा असू शकतो.

प्रश्न : मग आयफ्रेम, म्हणजे पानातल्या चौकटीत दुसरं पान दाखवणं, चालेल?

उत्तर : व्याख्येत बसते. अलगपणा तर सगळ्यात पक्का तिचाच. पण उंची आपोआप जुळत नाही, आणि पानभर उघडायचा पॉपअप चौकटीतच अडकतो.

आणखी एक उत्तर : व्याख्या ठीक, पण 'स्वतंत्र' या शब्दावर माझा आक्षेप आहे. २०२०मध्ये बिल्ड करायचं साधन वेबपॅक, त्याची ५वी आवृत्ती आली, त्यात मॉड्यूल फेडरेशन ही सोय मिळाली. मुख्य, म्हणजेच होस्ट अ‍ॅप ब्राउझरमध्येच रिमोटचा, म्हणजे दुसऱ्या टीमच्या तुकड्याचा, कोड उचलतं, दोघांना एकत्र बिल्ड करावं लागत नाही. छान. आता रिअ‍ॅक्ट शेअर करायचं राहिलं तर दोन प्रती लोड होतात, आणि होस्टच्या पानात रिमोटचा कॉम्पोनंट (पानाचा घटक) आला की 'इनव्हॅलिड हुक कॉल' असा एरर. गंमत म्हणजे रिमोट एकटं चालवलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. उपाय म्हणून 'सिंगलटन' ही सेटिंग लावायची. मग एकच प्रत चालते, पण सगळ्या टीमना एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्तीवर राहावं लागतं. रिअ‍ॅक्टची मोठी आवृत्ती बदलायची वेळ आली की पुन्हा सगळे एका मीटिंगमध्ये! शेअर नाही केलं तर वापरणाऱ्याच्या फोनवर तेच ओझं दोनदा.

रिमोटच्या एंट्री फाइलचंही (बाकीच्या फाइल कुठे आहेत ते सांगणारी फाइल) असंच. तिचं नाव सहसा कायम असतं. ती ब्राउझरने जास्त वेळ कॅशमध्ये धरली आणि नव्या डिप्लॉयमध्ये, म्हणजे लाइव्ह करताना, जुन्या चंक फाइल (कोडचे तुकडे) पुसल्या, तर जुनी एंट्री नसलेल्या फाइल मागत बसते. पानाचा तेवढाच भाग कोरा दिसतो, आणि दोष कोणत्या टीमचा यावर अर्धा दिवस जातो. सीएसएसच्या (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या नियमांच्या) मारामाऱ्यांबद्दल तर लिहीतच नाही.

म्हणून मी 'स्वतंत्र' न म्हणता 'स्वतंत्रपणे डिप्लॉय होणारं' म्हणतो. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

पहिलं उत्तर देणारे : मान्य. मॅनेजरसाहेबांना कॉनवेचा नियम दाखवा. संस्थेत बोलणं-चालणं जसं चालतं तशीच तिच्या सिस्टिमची रचना होते, असं मेल्विन कॉनवे यांनी १९६८मध्येच मांडलं. अनेक टीम एकमेकींच्या रिलीझसाठी खोळंबत असतील तर तुकडे करून वेग मिळतो. एकच टीम असेल तर खोळंबा नसतोच. वाढतात त्या फक्त लाइव्ह करायच्या पाइपलाइन. आणि मोनोरेपोशी, म्हणजे सगळा कोड एकाच रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवण्याशी, गल्लत नको. कोड कुठे ठेवायचा हा एक प्रश्न, लाइव्ह कसा करायचा हा दुसरा. एका रेपोतूनही मायक्रो फ्रंटएंड निघू शकतात.

प्रश्नकर्ते : आमची टीम एकच आहे. फोल्डर वेगळे, एकमेकांच्या आतल्या फाइल इंपोर्ट करायला लिंटची (कोड तपासणाऱ्या साधनाची) बंदी. पण बिल्ड एक, आणि रोलबॅक करायचा (मागच्या आवृत्तीवर जायचं) तर सगळ्यांचा एकदम.

उत्तर : मग ते मॉड्यूलर मोनोलिथ, म्हणजे आतून भाग पाडलेलं पण एकत्रच लाइव्ह होणारं, झालं. डिझाइन डॉक्युमेंटमध्ये तेच नाव लिहा.