शेंगेनचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा: जूनमध्ये अर्ज केला तर चालेल का?

रंगरेषा (फेब्रुवारी २०२६)

नमस्कार मंडळी. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. १५ सप्टेंबरला आम्ही दोघं नेदरलँड्सला निघतोय. हेगचं मॉरित्सहाउस, अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, शेवटचे तीन-चार दिवस बेल्जियम. एका फेरीत माझं समाधान होणार नाही, कारण एकेका चित्रासमोर मला वही घेऊन बसायचं असतं. पुढच्या वसंतात परत जायचं ठरवलंय, म्हणून या वेळी मोठ्या मुदतीचा व्हिसा हवा आहे.

माझे आधीचे दोन व्हिसा आहेत. इटलीचा २०२३च्या एप्रिलअखेरीस मिळाला होता, फ्रान्सचा गेल्या ऑक्टोबरात. ह्यांचा फक्त फ्रान्सचा. माझा पासपोर्ट जानेवारी २०२७ला संपतोय. एजंट म्हणतात, प्रवासानंतर तीन महिने मुदत उरतेय, तेवढी पुरते. जूनमध्ये निवांत अर्ज करू. करू का?

दूरवाट

ताई, जूनपर्यंत थांबू नका, कळकळीने सांगतो. आईबाबांचे आणि मावशीचे अर्ज मीच भरतो, त्यामुळे हा नियम बारकाईने वाचलाय.

युरोपियन कमिशनने १८ एप्रिल २०२४ला भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम केला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा (इटली, फ्रान्स, नेदरलँड्ससारख्या युरोपीय देशांच्या गटाचे) मिळाले असतील आणि ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. तो नीट वापरला की पुढचा साधारणपणे पाच वर्षांचा. आता अर्जाच्या तारखेपासून तीन वर्षं मागे मोजा. जूनमध्ये अर्ज केलात तर तुमचा इटलीचा व्हिसा त्या तीन वर्षांच्या बाहेर पडतो आणि हातात एकच उरतो. मे उजाडायच्या आत अर्ज गेला तर दोन्ही धरले जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे तुम्हाला १५ मार्च ते एप्रिलचा तिसरा आठवडा एवढी जागा आहे. मी असतो तर मार्चमध्येच उरकलं असतं.

पण त्याआधी पासपोर्ट. एजंट म्हणतात ते एका फेरीपुरतं बरोबर आहे. मोठ्या मुदतीचा व्हिसा मात्र पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. जानेवारी २०२७ला संपणाऱ्या पासपोर्टवर दोन वर्षं बसणार कुठे? तेव्हा याच आठवड्यात नूतनीकरणाला टाका. रद्द होऊन परत आलेला जुना पासपोर्ट जपून ठेवा आणि अर्जासोबत द्या, तुमचे दोन्ही व्हिसा आणि ये-जा केल्याचे शिक्के त्यातच आहेत.

फॉर्ममध्ये किती प्रवेश हवेत त्या रकान्यात ‘मल्टिपल’वर खूण करा. अनेक जण सवयीने ‘सिंगल’वर करतात. कव्हर लेटरमध्ये सप्टेंबरचा कार्यक्रम तारखांसह द्या आणि वसंतात परत का जायचंय ते, वर लिहिलंय तसंच, वहीसकट लिहा. ते खरं आहे आणि वाचणाऱ्याला पटेल असं आहे. पेन्शन जमा होते त्या खात्याचं स्टेटमेंट जोडा. फी ९० युरोच आहे, मुदत कितीही असो.

पानवेल

दूरवाट यांनी नेमकं सांगितलंय. दोन गोष्टींची भर घालते.

विमा ३०,००० युरोंचा लागतो, पण मल्टिपलसाठी अर्ज करताना फक्त पहिल्या फेरीपुरता काढलात तरी चालतं. पुढच्या फेऱ्यांसाठी विमा काढावा लागेल याची मला कल्पना आहे, असं फॉर्ममध्येच सही करून द्यायचं असतं. दोन वर्षांचा विमा गळ्यात मारू पाहणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा.

दुसरं, दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे दोन वर्षं राहायची परवानगी नव्हे. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. समजा १ एप्रिलला पोचलात आणि २९ जूनला निघालात, तर ९० संपले. मग २८ सप्टेंबरच्या आधी परत पाऊल ठेवता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ये-जा नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, त्यामुळे हा हिशेब आता तिथलं मशीनच करतं. एक दिवस जास्त राहिलात तरी दिसतो, आणि पुढच्या पाच वर्षांच्या व्हिसाला तोच नडू शकतो.

रंगरेषा

तुम्हा दोघांचे किती आभार मानू! पासपोर्टची अपॉइंटमेंट आत्ताच घेतली. ह्यांचं काय होईल? जोडप्याला एकसारखाच देतात ना? आणि वसंतात ऑस्ट्रियाला जावंसं वाटलं, तर नेदरलँड्सचा व्हिसा चालेल?

दूरवाट

नाही ताई, प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र तपासतात. काकांचा मागचा व्हिसा एकच आहे, त्यामुळे दोन वर्षांच्या या नियमात ते आत्ता बसत नाहीत. ‘मल्टिपल’ त्यांनीही मागावा, मागायला हरकत नाही, पण या फेरीपुरताच मिळेल असं धरून चाला. सप्टेंबरची फेरी झाली की त्यांचेही दोन व्हिसा होतील. परत आल्यावर वसंतासाठी त्यांचा अर्ज करा, तेव्हा तेही दोन वर्षांच्या नियमात बसतील. त्यांचा पासपोर्ट कधी संपतो तेही आजच बघून ठेवा.

ऑस्ट्रिया चालेल. शेंगेनच्या २९ देशांत तो व्हिसा चालतो. अर्ज मात्र ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा, म्हणजे आत्ता तुमच्या बाबतीत नेदरलँड्सकडेच. बेल्जियमचे दिवस वाढवायचा विचार असेल तर तो अर्जाआधी पक्का करा.