व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ११ अडतंय

प्रश्न : सोलापुरात चादरीच्या कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. होस्ट (मूळ मशीन) उबुंटू लिनक्स, रॅम ८ जीबी, व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) ६.१. त्यात विंडोज ११ टाकताना 'या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही' असं येतं.

उत्तर : ६.१ मध्ये टीपीएमच (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही. व्हर्च्युअलबॉक्स ७ टाका, सेटिंगमध्ये टीपीएम २.०, ईएफआय (मशीन सुरू करणारं नवं फर्मवेअर), सिक्युअर बूट चालू करा. गेस्टला (आतल्या विंडोजला) ४ जीबी रॅम, २ कोअर, ६४ जीबी डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) डिस्क. होस्टला ४ जीबीच उरते, मग तिथे ब्राउझर उघडून बसू नका राव!

दुसरं उत्तर : 'व्हीटी-एक्स दुसरा हायपरव्हायझर वापरतोय' अशी एरर आली तर केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) आडवं येतंय. लिनक्स कर्नल ६.१२ पासून ते लोड होताच व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय) धरून ठेवतं. इंटेलवर ते काढायला टर्मिनलमध्ये 'सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल' चालवा.

प्रश्नकर्ता : यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर गेस्टमध्ये दिसेल का?

उत्तर : होस्टवर स्वतःच्या यूजरला 'व्हीबॉक्सयूजर्स' ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्समधली यूएसबीची यादी रिकामीच.